पट्टीनं आकाश मोजणाऱ्यांसाठी

विमान कंपन्या प्रवाशांना कसं गंडवतात, असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. तीनदा आला, तीनदा डिलीट केला. काल मावशीनं पाठवला आणि खाली विचारलं, "मग मी काउंटरवर भांडू का रे?" आता लिहिणं भाग आहे.

त्यात म्हटलंय की नकाशावर टोकियो ते न्यूयॉर्क पट्टी ठेवा, रेघ सरळ पॅसिफिकवरून जाते. विमान मात्र पार अलास्कापर्यंत वर चढतं. म्हणजे मुद्दाम वळसा, जास्तीचे तास, जास्तीचं भाडं.

मावशीला म्हटलं, नातवाचा पृथ्वीगोल घे, दोन्ही शहरांवर बोटं ठेव आणि मध्ये दोरा ताण. सैल होता तोवर दोरा पॅसिफिकवर लोळत होता. ओढल्याबरोबर घसरत घसरत थेट अलास्कावर जाऊन बसला. हे अंतर सुमारे 10,850 किलोमीटर. पट्टीच्या रेघेनं गेलात तर पावणेतेरा हजारांच्या घरात! पट्टी ठेवता तो सपाट नकाशा मर्केटर नावाच्या नकाशाकारानं 1569 मध्ये जहाजांना दिशा धरता यावी म्हणून काढला होता. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरी आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. आणि इंधनाचं बिल स्वतः भरणारी कंपनी उगाच वळसे कशाला घालेल?

पण कहर पुढेच आहे. "पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला विमानतळ समोरून येऊन भेटतो. वेळ निम्मा लागायला हवा, लागत नाही, म्हणजे लबाडी." कपाळावर हात मारला. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे 1,670 किलोमीटर वेगानं फिरते, प्रवासी विमान साधारण 900 नं उडतं. या हिशेबानं तिथून पूर्वेकडे निघालेल्याला पुढचा विमानतळ जन्मात गाठता येणार नाही. मग रोज लोक उतरतात ते कुठे? अहो, हवाही पृथ्वीबरोबर फिरते आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. चालत्या रेल्वेत उडवलेलं नाणं तुमच्याच हातात पडतं, मागच्या डब्यात नाही.

फरक पाडतो तो वारा. एअर इंडियानं ऑक्टोबर 2016 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर 13,900 किलोमीटरवरून 15,300 वर गेलं आणि वेळ दोनेक तासांनी घटला. साडेचौदा तासांत विमान पोहोचलं. तिकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा पाठीशी होता, एवढंच. अंतर भागिले वेग करून चोरी पकडणाऱ्यांनी हे गणित सोडवून दाखवावं.

तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करणाऱ्यांबद्दल काय बोलावं! त्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळातल्या असतात. न्यूयॉर्कहून संध्याकाळी सातला निघून लंडनला सकाळी सातला उतरलात, तर प्रवास सात तासांचा झाला, बारा नव्हे.

एक मात्र नाइलाजानं कबूल. वेळापत्रकातला वेळ नुसता उडण्याचा नसतो. या गेटवरून हलल्यापासून त्या गेटला लागेपर्यंतचा तो असतो; त्यात धावपट्टीपुढची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या आणि वर हाताशी राखलेली काही मिनिटं. म्हणून तर वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमानही "वेळेवर" पोहोचतं आणि कंपनी मिरवते. यावरून भांडायचं तर खुशाल भांड, मावशी. फक्त पट्टी घरी ठेवून जा.