फीडबॅक घ्या, पण जरा जपून

रिसर्च साइटवर, म्हणजे औषधाची ट्रायल चालते त्या हॉस्पिटलात, इन्सिडेंट रिपोर्टिंगची (काही चुकलं तर कळवण्याची) पॉलिसी आहे, ऑडिट तोंडावर आलंय आणि स्टाफचं मत घेतल्याचा पुरावा फाइलला हवाय? घाबरू नका. मत फक्त घ्यायचंय, वाचायला कोणी सांगितलंय!

सर्व्हेची लिंक शुक्रवारी संध्याकाळी पाठवा, मुदत सोमवारी सकाळपर्यंत.

प्रश्न 'आपली पॉलिसी तुम्हाला किती उपयुक्त वाटते?' असाच हवा. पर्याय: बरीच, खूप, अत्यंत.

आता मुख्य मुद्दा, गुप्तता. वर ठळक अक्षरात 'तुमची ओळख उघड होणार नाही' लिहा, खाली ऑफिसच्या ईमेलने लॉगिन करायला लावा, मग विभाग, हुद्दा आणि नोकरीची वर्षं विचारा. आमच्या स्टडीला कोऑर्डिनेटर एकच, तो म्हणजे मी. मी आपलं भाबडेपणाने लिहिलं की कन्सेंट फॉर्मच्या (संमतिपत्राच्या) जुन्या व्हर्जनवर पेशंटची सही घेतली गेली हे ज्या नर्सने स्वतःहून येऊन सांगितलं तिलाच री-ट्रेनिंगला बसवलंत, रूट कॉजमध्ये (मूळ कारणात) 'ह्यूमन एरर' लिहून मोकळे झालात, आणि जुन्या फॉर्मचा गठ्ठा अजून त्याच ड्रॉवरमध्ये नव्याच्या वर पडलाय, मग पुढची नर्स सांगायला येईल का? तर मीटिंगमध्ये साहेबांनी ते मोठ्याने वाचलं, "कोणी लिहिलं ते मी विचारत नाही हं" म्हणाले आणि थेट माझ्याकडे बघितलं. वर "सूर जरा निगेटिव्ह वाटला"!

निष्कर्षाची स्लाइड आधीच करून ठेवा, वेळ वाचतो.

रिपोर्ट कमी आले तर 'सेफ्टी कल्चर सुधारलं' म्हणून टाळ्या घ्या. निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेली चूक, तर एकही नाही, वा! अहो, नसतील कसे? लोक सांगत नाहीयेत! ट्रायलमधल्या औषधाची अनपेक्षित, जिवावर बेतणारी रिअॅक्शन आंतरराष्ट्रीय गाइडलाइननुसार स्पॉन्सरने (ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीने) 7 दिवसांत रेग्युलेटरला (सरकारी नियामकाला) कळवायची असते, पण ते दिवस मोजायला सुरुवात होते स्पॉन्सरला कळल्यावर. वॉर्डात जिने पहिल्यांदा बघितलं तीच 'उगाच आपल्या अंगावर नको' म्हणून गप्प बसली तर तुमची पॉलिसी काय करणार? तोवर तोच डोस दुसऱ्या पेशंटला जातोय. पेशंटनी विश्वासाने सही केलीय, तुमच्या ऑडिटसाठी नाही. लाज वाटू द्या थोडी. ते लॉगिन काढा, सांगणाऱ्याला शिक्षा देणं बंद करा, आणि मागच्या वेळी आम्ही लिहिलेल्याचं काय केलंत ते आधी लेखी कळवा, तोपर्यंत नवी लिंक पाठवू नका.