वर्ग फक्त भिंतीआडच?

तुमच्या लेखात ठाणे कारागृहातल्या अभ्यासवर्गांचं कौतुक केलंय, ते रास्तच. पण प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटलेल्यांचं काय? १९५८ च्या प्रोबेशन कायद्याने त्यांना शिक्षा भोगायला आत जावंच लागत नाही, म्हणजे तो वर्गही नाही. ठाण्यातल्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीजवळ मी संध्याकाळी प्रौढांना शिकवते. तिथे लेथ मशीनवर काम करणारा, प्रोबेशनवर सुटलेला एक जण येतो. वहीच्या कडांना ग्रीसचे ठसे. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) झटक्यात वाचणारा हा माणूस कागदावरच्या अपूर्णांकांना घाबरतो, गंमतच आहे! राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस) दहावी पाच वर्षांत, नऊ संधींत देता येते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रोबेशन अधिकाऱ्याकडे हजेरीला गेला की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. तो भरून काढायला ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइम नेमका आमच्या वर्गाच्या वेळी. हजेरी रविवारी ठेवता नाही का येणार?