टेस्ट ड्राइव्हला बॅटरी ९ टक्के!

तिसरं शोरूम, तेच रडगाणं. इलेक्ट्रिक गाडीची टेस्ट ड्राइव्ह मागितली, तर गाडी कोपऱ्यात धूळ खात उभी, स्क्रीनवर बॅटरी ९ टक्के. चार्जिंगची केबल डिकीत, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेली नाही! अरे, पेट्रोलची गाडी कधी रिकाम्या टाकीने दाखवता का?

विचारलं, फास्ट चार्जिंग ८० टक्क्यांच्या पुढे मंद का होतं? सेल्समन मॅनेजरकडे बघतो, मॅनेजर ब्रोशरकडे. बॅटरी भरत आली की तिच्या आतले सेल जपायला गाडीच करंट कमी करते, एवढं एक वाक्य यांना कुणी शिकवू नये? आणि शेवटी ठरलेलं: "सर, पेट्रोलचंच मॉडेल घ्या ना, लगेच मिळेल."

कळतं हो! इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाही. रीजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच गाडीला आवरते आणि वीज बॅटरीत परत भरते त्यामुळे, ब्रेक पॅडही कमी झिजतात. सर्व्हिसिंगची कमाई घटते. पण म्हणून दारात आलेल्या गिऱ्हाईकाला परत पाठवायचं? कंपन्या जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओततात, त्यातला थोडा या पोरांना शिकवण्यावर घाला की. त्यांच्यावर राग नाही माझा. त्यांना कुणी तयारच केलेलं नाही.