सिदूला झोपू देऊ नका

मराठीत अद्भुत कादंबरी, म्हणजे फँटसी, लिहायची आणि ती सोलापुरात घडवायची ठरवलीत, म्हणजे निम्मं काम झालंच. भुईकोट किल्ला आहे, खंदक आहे, शेजारी सिद्धेश्वराचा तलाव आहे. राक्षसाला वर यायला वाटाच वाटा. नायक 13 वर्षांचा, नाव सिद्धाराम, हाक सिदू. पहिल्या प्रकरणात अग्निराक्षस पूर्व भागातलं त्याचं घर यंत्रमागासकट जाळतो, आईबाप जातात, आणि पोरगं पाण्याच्या हौदात लपून सगळं बघतं. इथवर कुणालाही जमतं. खरी अडचण दुसऱ्या प्रकरणात येते. आता या पोराभोवती सात-आठ मोठी माणसं जमणार, आणि त्यातलं एखादं चुकून शहाण्यासारखं वागलं तर कादंबरी साठ पानांत आटोपते.

म्हणून सगळ्यात आधी मोबाईलची रेंज घालवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. असली सोय गावात असताना खंड तीनपर्यंत कोण पोचणार?

मग आत्या. पूर्ण कादंबरीतलं सगळ्यात धोकादायक पात्र हेच. राक्षस परवडला. ती कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढ्यात ठेवून म्हणते, ‘दोन घास खा रं बाळा, बोलू नगंस काय.’ रात्री दिवा चालू ठेवते, शेजारी अंथरूण टाकते, ओरडून उठला की पाठीवरून हात फिरवते. अशाने चार-सहा आठवड्यांत पोरगं सावरायला लागतं, कारण पुष्कळ मुलं धड आधार मिळाला तर सावरतात. तेव्हा आत्याला तिसऱ्या प्रकरणात मारा. जीव होत नसेल तर वारीला पाठवा आणि परत आणायचं विसरून जा.

आग विझायच्या आत ज्येष्ठांची सभा बोलवा. पोराला मधोमध उभं करा आणि काय पाहिलंस ते पहिल्यापासून सांगायला लावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. बोलायची जबरदस्ती करू नका, असंही तिथं बजावलंय. पण त्या पुस्तिकेत भविष्यवाणी नाही, त्यामुळे आपल्या उपयोगाची नाही. सभेत एका म्हाताऱ्याने ‘राक्षसाच्या कपाळावर खूण होती का?’ हे दोनदा विचारावं. पोरगं गप्प झालं की सगळ्यांनी एकमेकांकडे अर्थपूर्ण बघावं.

आता गुरू. पांढरी दाढी, मुक्काम किल्ल्याच्या बुरुजात. सिदूच्या बापाबद्दल त्याला सगळं ठाऊक असतं, पण तो ‘योग्य वेळ आली की सांगेन’ म्हणतो. हे वाक्य एका खंडात तीनदा पुरे. चौथ्यांदा घातलंत तर गुरूलाच काही माहीत नाही, हे वाचकाच्या लक्षात येतं. योग्य वेळ म्हणजे गुरूचा शेवटचा श्वास, आणि वाक्य क्रियापदाच्या आधी तुटलं पाहिजे.

गुरूचं मुख्य काम लक्षणांना शक्ती म्हणणं. इथे हात आखडू नका. पोरगं दाराच्या कडीच्या आवाजालाही दचकतं? त्याला संकट आधी कळतं. आग पुन्हा डोळ्यांपुढे येते, धुराचा वास येतो? दिव्यदृष्टी. काही वाटेनासं झालंय, हसू नाही, रडू नाही? वैराग्य, तेही या वयात! मध्येच हरवल्यासारखं एका जागी बघत बसतं? समाधी. आपण वाचलो आणि ते गेले, हा अपराधीपणा खातोय? मग तर निवड पक्कीच. ही लक्षणं महिन्याहून जास्त टिकली आणि रोजचं जगणं अडलं तर डॉक्टर पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकाराचं, निदान करू शकतात. मुलांसाठीच्या आघातकेंद्रित उपचाराला साधारण 12 ते 16 बैठका लागतात. गुरूकडे एवढा वेळ नाही. अमावस्या शुक्रवारी आहे.

मधल्या प्रकरणात गड्ड्याची यात्रा हवीच. होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू होतं, पहिला बार वर जातो. सिदूच्या तळहातांना घाम फुटतो, नाकात जळक्या सुताचा वास भरतो, आणि तो गर्दीत गुडघ्यांत डोकं घालून खाली बसतो. समजत्या माणसाने काय केलं असतं? आवाजापासून बाजूला नेलं असतं. ‘सिदू, आपण होम मैदानावर आहोत, हे दारूकाम आहे, मी इथंच आहे,’ असं सावकाश सांगितलं असतं. पाय जमिनीवर नीट टेकवायला लावले असते, श्वास सोडताना जरा जास्त वेळ घे म्हटलं असतं, पाणी दिलं असतं. थोड्या वेळात पोरगं भानावर आणि तुमचं प्रकरण पाण्यात. म्हणून तिथे मित्राला उभं करा. भज्यांचा पुडा हातात धरून तो म्हणेल, ‘काय बे, फटाक्याला भ्यायलास?’ दोन पानं विनोद निघतो. तोवर मागून गुरू येतोच: ‘त्याला काहीतरी दिसलं आहे.’

वैद्याबद्दल थोडक्यात. तो मोडलेला हात रात्रीत जोडतो, पण स्वप्नांवर त्याच्याकडे फक्त निळा काढा असतो. काढ्याने स्वप्नं थांबता कामा नयेत. राक्षसाचा पत्ता स्वप्नातूनच कळणार आहे. नायिकेने ‘तू पूर्वीसारखा राहिला नाहीस’ म्हणून रुसावं. ती त्याला आगीनंतरच भेटली, हे कुणी मोजत नाही.

कुणी नाक मुरडलंच, तर महाभारत पुढे करा. युद्धानंतर युधिष्ठिर म्हणाला, राज्य नको, वनात जातो. अर्जुनाने त्याला धनाचं महत्त्व सांगितलं, भीमाने टोमणे मारले, द्रौपदीने सुनावलं, व्यासांनी समजावलं, शेवटी शरपंजरी पडलेल्या भीष्मांपुढे नेऊन बसवलं. त्यांच्या उपदेशाने महाभारतातलं सगळ्यात मोठं पर्व भरलं. परंपरा आपल्या बाजूची आहे. फक्त एक काळजी घ्या. एवढं सगळं ऐकून झाल्यावरही अनुशासनपर्वाच्या सुरुवातीला युधिष्ठिर म्हणतो, माझ्या मनाला शांती नाही. व्यासांनी ते गाळलं नाही. तुम्ही गाळा.

राक्षस मेला की त्याच पानावर दचकणं, स्वप्नं, अपराधीपणा, सगळं बंद. एक ओळ पुरे: ‘त्याच्या चेहऱ्यावर आता वेगळंच तेज होतं.’ मग सभेतल्या त्याच म्हाताऱ्याच्या हस्ते शाल, श्रीफळ आणि सोलापुरी चादर देऊन सत्कार करा, दहा हजारी माळ लावा. माळेचा पहिला आवाज आला की सिदू अंग चोरून खाली वाकेल. तिथे ‘त्याने नम्रपणे मान झुकवली’ असं लिहा.