चिखलासाठी जन्मली, सोफ्यामागे वाढली

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: ही सायकल चालवायची नाही. चालवायला जगात लाखो सायकली पडल्या आहेत. त्यांना डिस्क ब्रेक असतात आणि ब्रेक दाबला की त्या थांबतात. तुम्ही घेताय ती १९८० च्या दशकात किंवा नव्वदीच्या सुरुवातीला निघालेली ब्रिटिश स्टीलची माउंटन बाइक. ती गुंतवणूक आहे, आणि गुंतवणुकीवर कुणी बसत नाही.

आता दुर्मीळ म्हणजे काय ते समजून घ्या. सायकल दोन कारणांनी दुर्मीळ होते. एक तर ती मुळातच हाताने, मोजक्या संख्येत बनलेली असते. नाही तर ती ढिगाने बनली, पण कुणालाच नको होती म्हणून भंगारात गेली. जाहिरातीत दोन्हींसाठी एकच शब्द वापरतात, तो म्हणजे ‘अतिदुर्मीळ’. तेव्हा सुपरमार्केटच्या दर्जाची, गॅसच्या पाइपासारख्या नळ्यांची, सतरा किलोची सायकल समोर आली तर नाक मुरडू नका. शेवटची उरलेली तीच असू शकते. मागणीही एकाचीच असेल, तुमची.

पहिल्या प्रकारात जायचं असेल तर नावं पाठ करा. क्रॉयडनचे चॅस रॉबर्ट्स यांची ‘व्हाइट स्पायडर’ आणि ‘डॉग्सबोल्क्स’ (या दुसऱ्या नावाचा अर्थ घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारू नका, सांगूही नका). न्यूकॅसलचे डेव्ह येट्स यांची ‘डायबोलो’. ब्रिस्टलच्या ओव्हरबरीजची ‘पायोनियर’. आणि या सगळ्यांच्या आधीची, जेफ ॲप्स यांची ‘क्लेलँड’. ती १९८२ ते १९८४ या काळात अगदी थोड्या संख्येत बनली. ॲप्स यांनी चिल्टर्न टेकड्यांतला ओला, चिकट चिखल डोळ्यांसमोर ठेवून सायकल रेखली होती: ताठ बैठक, जमिनीपासून भरपूर उंची, चिखलाने न तुंबणारे, चाकाच्या मधोमध हबमध्ये बसणारे ब्रेक आणि फिनलंडहून मागवलेले बर्फातले टायर. कॅलिफोर्नियाची मंडळी उन्हात, कोरड्या उतारावर सुसाट खाली येत होती. इकडे हा गृहस्थ चिखलातून सावकाश वर कसं जायचं याचं गणित सोडवत होता. असं यंत्र हाती लागलंच तर तुमचं कर्तव्य स्पष्ट आहे. त्याला चिखलाचा थेंबही लागू द्यायचा नाही.

क्लेलँड परवडत नसेल तर सॅरॅसन घ्या. निक आणि रिचर्ड क्रेन हे चुलतभाऊ १९८४ च्या अखेरीस सायकली घेऊन किलिमांजारोच्या माथ्यावर गेले. त्या सायकली सॅरॅसन होत्या, आणि पुढे कंपनीच्या ‘किली फ्लायर’, ‘किली रेसर’ या नावांत तो डोंगर कायमचा बसला. बऱ्याच चढावर सायकलीच त्यांच्या खांद्यावर होत्या. तुमचीही दिवाणखान्यात भिंतीच्या हुकावर टांगलेली असेल, म्हणजे परंपरा अखंड आहे.

‘ब्रिटिश’ या शब्दाकडे फार निरखून पाहू नका. मडी फॉक्स या ब्रिटिश कंपनीच्या गाजलेल्या ‘कुरियर’ची फ्रेम जपानमध्ये अराया कंपनीने बनवलेली. हॅलिफॅक्समध्ये १९८८ साली सुरू झालेल्या ऑरेंजच्या ‘पी७’मधला ‘पी’ जपानी टांगे कंपनीच्या ‘प्रेस्टीज’ नळीचा. या चांगल्या सायकली आहेत, पण चांगली असणं हा इथे गौण मुद्दा आहे. आपल्याला ब्रिटिश पोलाद हवं, म्हणजे बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सचं ५३१. १९३५ पासूनची ही मँगनीज-मॉलिब्डेनम मिश्रधातूची नळी. रेनॉल्ड्स १९२८ साली ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या समूहात गेली. त्याच समूहाने १९४९ मध्ये मद्रासला मुरुगप्पा उद्योगसमूहाच्या जोडीने टीआय सायकल्स (हर्क्युलिसवाली) काढली आणि १९६० मध्ये रॅले ही ब्रिटिश सायकल कंपनीही गिळली. म्हणजे गल्लीतल्या दूधवाल्याची कॅन लटकवलेली हर्क्युलिस ही तुमच्या ५३१ ची लांबची आतेबहीण. हे नातं गिऱ्हाइकासमोर काढू नका, भाव पडेल.

५३१ ओळखायचं कसं? सर्वात सोपा मार्ग स्टिकर पाहणे. नव्याने छापलेले स्टिकर विकत मिळतात आणि ते कोणत्याही नळीवर चिकटतात, हीच त्याची मोठी सोय. शंकेखोर माणसं मात्र सीटपोस्ट (सीटखालची, फ्रेमच्या नळीत शिरणारी दांडी) बाहेर काढून तिचा व्यास मोजतात. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुधा २८.६ मिमी असतो. तिच्यात २७.२ ची पोस्ट बसत असेल तर भिंत ०.७ मिमीच्या आसपास, म्हणजे नळी पातळ आणि दर्जेदार. २६.८ किंवा २६.६ असली तरी माउंटन बाइकला शोभते. पण २५.४ चीच पोस्ट जात असेल तर भिंत १.६ मिमीची. त्यावर ५३१ लिहिलं काय आणि गीतेतला श्लोक लिहिला काय, वजन तेवढंच. (काही फ्रेममध्ये आत पातळ बाही घातलेली असते, म्हणून टॉर्च लावून आत बघावं.) दुसरी खूण जोडाची. ५३१ पितळाने किंवा चांदीने झाळतात, मग जोड लगचा (नळ्यांची टोकं आत बसवायच्या धातूच्या टोपणाचा) असतो किंवा गुळगुळीत गोलाईचा. विजेच्या टिग वेल्डिंगची उष्णता त्या पोलादाला मानवत नाही. तेव्हा जोडावर नाण्यांची चळत आडवी केल्यासारखी वेल्डची ओळ आणि शेजारी ५३१ चा चकचकीत स्टिकर दिसला, तर विक्रेत्याचं कौतुक करून बाहेर पडा. रेनॉल्ड्सच्याच ८५३ नळीची गोष्ट वेगळी. ते वेल्डनंतर हवेत थंड होताना उलट जोडापाशी कडक होतं. पण ते नव्वदीच्या मध्यावरचं, म्हणजे खऱ्या दर्दी माणसाच्या दृष्टीने कालचं पोर.

गंजाची चिंता करू नका, तो आत असतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी सीटपोस्टच्या कडेने झिरपतं आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलचा आस बसतो त्या भागात) साठतं. नळ्या वरून छान आणि आतून खालच्या चार इंचांत चाळण, असा प्रकार होतो. बॉटम ब्रॅकेट काढून फ्रेम उलटी हलवा. तपकिरी भुकटी पडली तर ती तुमच्या मुद्दलातली आहे. रंगाला फोड आलेला दिसला की तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघावं, विशेषतः चेनस्टेंना (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्यांना) जोडणाऱ्या पुलापाशी, जिथे चिखल अडकून राहतो. विक्रेता ओरडला तर समजा, त्यालाही ठाऊक आहे. बॉटम ब्रॅकेट काढताना एवढंच लक्षात ठेवा की ब्रिटिश मापात चेनकडच्या बाजूला उलटे आटे असतात. तो कप घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. उलट दिशेने लांब पाना लावून, दोन माणसं लटकून जोर केला तर आटे जातात आणि सायकल आणखी दुर्मीळ होते.

जाहिरातीतलं ‘सीटपोस्ट जरा घट्ट आहे’ हे वाक्य मोकळ्या मनाने स्वीकारा. त्याचा अर्थ स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमची पोस्ट वीस वर्षं ग्रीसशिवाय बसली आहे. मिठाच्या पाण्यात दोन धातूंची जुंपली, ॲल्युमिनियमचं पांढरं ऑक्साइड फुगलं, आणि आता त्यांचा संसार कोर्टातही मोडणार नाही. करायचं ते असं: बॉटम ब्रॅकेट काढा, फ्रेम उलटी टांगा आणि खालच्या बाजूने गंज सोडवणारं भेदक तेल आठवडाभर सोडत राहा. मग पोस्टचं डोकं भक्कम व्हाइसमध्ये पकडून अख्खी फ्रेम दांड्यासारखी फिरवा. फिरली ती पोस्ट की सीटची नळी, हे आवाजावरून कळतं. तरीही नाही निघाली तर पोस्ट कापा, आत हॅकसॉचं नुसतं पातं घालून उभी चीर पाडा आणि ती आतल्या बाजूला दुमडा. शेवटचा उपाय कॉस्टिक सोडा. तो ॲल्युमिनियम खातो आणि स्टील सोडतो. पण हायड्रोजन निघतो, द्रावण तापतं, म्हणून उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. ते ओघळलं की मूळ रंगही खातं. मूळ रंग हाच तर निम्मा भाव होता, पण पोस्ट सुटली ना!

फ्रेम सरळ आहे का, हे दोऱ्याने तपासतात. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून) दोरा हेडच्या नळीला (हँडलखालच्या पुढच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर दोरा गुंडाळून ठेवा. डाउनट्यूबच्या (हेडपासून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालच्या अंगाला, हेडच्या नळीमागे बोट फिरवा. तिथे बारीक सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे. ‘जतन केलेली खूण’ म्हणून तिचा वेगळा फोटो काढा.

आता सुटे भाग. इथेच चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लागतो, आणि मसाला त्याच वर्षाचा हवा. शिमानोचे एक्सटी एम७३० अंगठ्याने गिअर बदलायचे शिफ्टर, मिडलबर्नचे क्रँक (पेडलचे दांडे), बार्नोल्ड्सविकच्या होपचे हब, टायर पुढे पॅनारेसर डार्ट आणि मागे स्मोक, तेही तपकिरी कडांचे. नव्वदीतले रॅपिडफायर शिफ्टर बहुधा मेलेले नसतात. आतलं ग्रीस वाळून खुंटी चिकटलेली असते. डीग्रीझरने धुऊन हलकं तेल सोडलं की पुन्हा टकटक करू लागतात. हे गुपित ठेवा आणि ‘बिघडलेले’ म्हणून स्वस्तात उचला. जुन्या शॉकमधले (धक्के झेलणाऱ्या पुढच्या फोर्कमधले) रबरी इलॅस्टोमर मात्र एव्हाना शिळ्या चिक्कीसारखे झालेले असतात. १९८६ ते ८८ च्या काही मॉडेलना मागचा यू-ब्रेक चेनस्टेच्या खाली, नेमका चिखल उडतो तिथेच बसवलेला आढळेल. तो बघून हसू नका, त्याला ‘काळाचा साक्षीदार’ म्हणा.

फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) नसलेली फ्रेम स्वस्त मिळते. का, ते दुकानात गेल्यावर कळतं. स्टिअरर (फोर्कची हेडच्या नळीतून वर जाणारी नळी) एक इंची, सव्वा इंची की एक पूर्णांक एक अष्टमांश, आट्यांचा की बिनआट्यांचा, आणि आखूड कापलेला आट्यांचा स्टिअरर काही केल्या वाढत नाही. मग लोक १०० मिमी दबणारा नवा शॉक ठोकतात. पुढची उंची दर २० मिमीला वाढली की हेडचा कोन साधारण एक अंश पडतो. सायकल बोटीसारखी वळते आणि सगळा ताण मघाच्या त्या सुरकुतीवर येतो.

विकताना फोटो विटांच्या भिंतीसमोर, चेनच्या बाजूने, व्हॉल्व्ह खाली आणि चेन मोठ्या चक्रावर ठेवून. पावत्यांची बेरीज मात्र करू नका. गिऱ्हाईक स्टिकरचा टाइपफेस, हबवरची तारीख आणि हेडसेटचं (हँडलच्या बेअरिंगचं) साल विचारत असेल तर त्याला चहा पाजा. त्याला फ्रेमवरचा मूळ मालकाचा पोस्टकोड दाखवून दोन पैसे वाढवूनही मागा. पण एखादा म्हणेल, कामावर जायला हवी आहे, वाटेत पाऊस असतो, हिला मडगार्ड बसतील का? त्याला फोनवरच वाटेला लावा. फ्रेम बांधणाऱ्याने खास त्यासाठीच मागच्या ड्रॉपआउटवर दोन आटेदार कड्या झाळून दिल्या आहेत आणि त्यांच्या आट्यांत अजून कारखान्यातला रंग तसाच आहे, हे त्याला कळता कामा नये.