हत्ती भायखळ्याला असतो

मिरजेहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलं की पहाटे कल्याण, आणि कल्याणहून डोंबिवलीला मेहुण्याचं दार. एवढ्या एका सोयीपायी माझी तीस वर्षं मुंबई दाखवण्यात गेली. 'दाखवण्यात' म्हणतोय. बघणं वेगळं, ते कुणीतरी मला दाखवलं असतं तर झालं असतं.

सुरुवात लग्नानंतर झाली. नव्या नवलाईत बायकोला गेटवे, म्युझियम, हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट असं सगळं एका दिवसात फिरवून आणलं. परत आल्यावर तिनं माहेरी सांगितलं, "यांना मुंबई पाठ आहे." हे एक वाक्य तिच्या मामा, मावश्या, आत्या, चुलत मावश्या आणि त्यांच्या व्याह्यांपर्यंत पोचलं. तेव्हापासून सांगली-इचलकरंजी पट्ट्यात कुणालाही मुंबई बघावीशी वाटली की आधी तारीख ठरते, मग तिकिटं निघतात आणि शेवटी मला कळवतात. कळवतात म्हणजे, "जावईबापू, तुम्ही आहातच!"

आता हिशेब करतो तेव्हा गेटवे ऑफ इंडियाला मी सतरा वेळा गेलोय. तिथल्या कबुतरांच्या चार-पाच पिढ्यांनी मला पाहिलं असेल. सतरा वेळा एकच गोष्ट सांगून ती आता इतकी घोटली गेलीय की झोपेतही सांगेन. १९११ साली राजा पंचम जॉर्ज मुंबईत उतरायचा होता, त्याच्या स्वागताची ही कमान. मार्चमध्ये पायाभरणी झाली, डिसेंबरमध्ये राजा आला आणि त्याला बघायला मिळाली पुठ्ठ्याची प्रतिकृती! खरी कमान उभी राहिली १९२४ साली. हे ऐकल्यावर प्रत्येक खेपेला मंडळींत एकजण निघतोच, जो मान डोलावून म्हणतो, "म्हणजे आपल्या बसस्टँडसारखंच." माझे साडू पुढचा प्रश्न विचारतात, "मग पुठ्ठ्याची कमान गेली कुठं?" त्यांना प्रत्येक गोष्टीत भंगाराचा भाव दिसतो. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीवर गेली, हा माझ्या भाषणाचा कळस. पण त्या वेळेपर्यंत सगळे 'फोटो लगेच' म्हणणाऱ्या फोटोवाल्याभोवती केस सारखे करत उभे असतात.

तिथून म्युझियम. आमच्यात अजून 'प्रिन्स ऑफ वेल्स'च म्हणतात. नाव बदलून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालं त्याला कित्येक वर्षं झाली, पण आत्यांना 'प्रिंसवेल' असं एका शब्दात म्हणायची सवय. गेटवे आणि हे म्युझियम दोन्ही एकाच आर्किटेक्टची, जॉर्ज विटेटची. म्युझियमचा घुमट त्यानं विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला. हे मी एकदा अभिमानानं सांगितलं, तर सासरे थबकले. "विजापूर आपल्या घरापासून मुंबईच्या निम्म्यावरसुद्धा नाही," ते म्हणाले. "तिथला खरा घुमट चाळीस वर्षांत बघितला नाही आणि त्याची नक्कल बघायला रात्रभर गाडीत अवघडून आलो?" मी म्हटलं, आत चला, आत बरंच काही आहे. आत गेलो तर समोर पेंढा भरलेला गवा. आमच्या जिल्ह्याला खेटून दाजीपूरचं अभयारण्य आहे, तिथं जिवंत गवे फिरतात. सासरे काहीच बोलले नाहीत. फक्त गव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या दोन नजरांमध्ये फारसा फरक नव्हता.

आत्यांना न्यायचं म्हणजे वेगळीच परीक्षा. तळमजल्यावर शिल्पांचं दालन लागतं. शंकर, विष्णू, ब्रह्मदेव, देव्या. आत्या उंबऱ्यातच थांबल्या, चपला काढल्या. म्हटलं, "आत्या, हे देऊळ नाही." त्या म्हणाल्या, "देव तर देवच आहेत ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, रखवालदाराकडेही नव्हतं. मग आत्या अनवाणी, त्यांच्या चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी माझ्या हातात, आणि प्रत्येक मूर्तीपुढे एकेक नमस्कार. एका बुद्धापुढे जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, "हाही आपलाच नववा अवतार," आणि त्यालाही नमस्कार केला. एका दालनाला सव्वा तास. दुसऱ्या मजल्यावर टाटांच्या संग्रहातली विलायती चित्रं आहेत, जुनी शस्त्रं आहेत, असं मी दर वेळी सांगतो. सांगतोच फक्त. सात वेळा तिकीट काढून मी जिन्याच्या अर्ध्यावर पोचलोय. तिथं कुणाचा तरी गुडघा धरतो, कुणाला तरी शू लागते, नाहीतर कुणीतरी घड्याळ बघून ते वाक्य उच्चारतं ज्यापुढे जगातलं कुठलंही म्युझियम टिकत नाही: "जेवायचं कुठं?"

मुंबईत सहा माणसांनी एकत्र जेवणं ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. पोराला पिझ्झा हवा. मावशींना गुरुवार. साडूंना 'आपली साधी राइसप्लेट', कारण मुंबईत वेगळं काही खाल्लं की त्यांना आपण फसवलो गेलो असं वाटतं. बायकोला काहीही चालतं, पण 'काहीही' म्हणजे मी सुचवलेलं सोडून. आणि मला, खरं सांगायचं तर, फोर्टातल्या इराण्याकडे जाऊन शांतपणे बेरी पुलाव खायचा असतो. एकदा हट्टानं सगळ्यांना घेऊन ब्रिटानियात गेलो. १९२३ पासूनची जागा, फक्त दुपारचं जेवण, रविवारी बंद. सगळं पाठ असल्यानं वार बरोबर साधला होता. मोठ्या उत्साहानं सांगितलं, "यात इराणहून येणाऱ्या बेरी घालतात." साडूंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे बोरं?"

"बोरं नव्हेत हो. बारीक असतात, लाल, आंबटसर."

"चणीमणी बोरं बारीकच असतात. लाल असतात. आंबटही असतात." मग बायकोकडे वळून, "मिरजेच्या मार्केटात पाच रुपयाला ओंजळभर मिळतात. भातात टाकायला इतक्या लांब?"

पुलाव आला. साडूंनी एकेक बेरी चमच्यानं वेचून ताटाच्या कडेला लावली आणि उरलेला भात चाटूनपुसून संपवला. कॅरॅमल कस्टर्ड दोन घेतली. बाहेर पडताना म्हणाले, "बोरं सोडली तर बरं होतं." घरी गेल्यावर मात्र इचलकरंजीपर्यंत बातमी गेली की मी त्यांना उपाशी मारलं.

उपासाच्या मावशींना दादरला न्यावं लागतं, साबुदाणा वडा आणि पियुष. त्यावर एकमत असतं, कारण उपास नसलेले पाचजणही तेव्हा उपासाचं खातात. बिलाच्या वेळी मात्र एक ठरलेला खेळ होतो. सगळे एकदम खिशाला हात लावतात, सगळे एकमेकांचे हात धरतात, "नाही नाही, मी देतो" असा गलका होतो, आणि या झटापटीत ज्याचा हात कुणीच धरलेला नाही असा मी एकटा उरतो.

पण खरी कथा हत्तीची.

घारापुरीला मी नऊ वेळा गेलो, त्यात एकदा सोमवारी. सोमवारी लेणी बंद असतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आता कळतंय की मुंबईत बघायला जायचं तर पर्यटक असून भागत नाही, पंचांग लागतं. सोमवारी घारापुरी नाही, बुधवारी राणीबाग नाही, रविवारी बेरी पुलाव नाही, गुरुवारी मावशी नाही. तर, गेटवेहून लाँचनं तासाभराचा प्रवास. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे, ते द्यायचे की नाही यावर बंदर सुटेपर्यंत चर्चा. पैसे दिल्यावर 'वर ऊन फार आहे' म्हणून सगळे खाली. धक्क्यावरून छोटी आगगाडी, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. आत्या प्रत्येक दुकानात एकच वस्तू उचलून विचारतात, "केवढ्याला?" आणि किंमत ऐकून ती इतक्या जपून खाली ठेवतात, जणू हात लावल्याचेही पैसे पडतील.

वर माकडं. आमच्या बरोबर भडंग. जयसिंगपूरचा पुडा, घरी लसूण वाढवून परतलेला. एका माकडानं आत्यांच्या हातातून तो हिसकला, दगडावर बसून फोडला, एक घास घेतला आणि क्षणभर स्तब्ध झालं. मग डोळ्यांत पाणी आणून दुसरा घास घेतला. आत्या पुड्याचं दुःख विसरल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "आवडलं त्याला."

लेण्यात गेलं की अठरा फुटांची ती त्रिमूर्ती. तिच्यापुढे मात्र सगळे गप्प होतात, साडूसुद्धा. शिल्पातला मधला चेहरा इतका शांत आहे की तिथं भंगाराचा भाव सुचत नाही. पाच मिनिटं खरंच कुणी बोलत नाही. लेणी उघडी असलेल्या आठच्या आठ वेळा हे झालंय. मग कुठलं तरी पोर तो प्रश्न विचारतं, "काका, एलिफंटा ना? मग हत्ती कुठाय?"

"भायखळ्याला."

हे उत्तर ऐकून पोरंच नाही, थोरही माझ्याकडे संशयानं बघतात. मग मी सांगतो की पोर्तुगीज आले तेव्हा बेटावर दगडाचा मोठा हत्ती होता, त्यावरून त्यांनी एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलताना हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे पन्नास वर्षांनी, १९१४ साली, ते जोडून पुन्हा उभा केला. आता राणीबागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी आहे.

"आणि काळा घोडा?" हा पुढचा प्रश्न. कारण सकाळी काळ्या घोड्यावरूनच चालत आलेलो असतो.

"तोही भायखळ्याला." सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला. चौकातलं नाव मात्र राहिलं. आज तिथं घोडा आहे, पण तो २०१७ सालचा, नवा, आणि त्याच्यावर कुणी बसलेलं नाही.

"चर्चगेटला गेट नाही, धोबीतलावात तलाव नाही, फोर्टात किल्ला नाही," साडू बोटं मोजत म्हणाले. "हे गाव आहे की गहाणवटीचं दुकान? तुम्ही बघितलाय का तो हत्ती?"

खरं सांगतो, नव्हता बघितला. आठ वेळा छातीठोकपणे 'भायखळ्याला' म्हणणाऱ्या माणसानं भायखळ्याला उतरून कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्यांदा उतरलो तो बुधवार निघाला. दुसऱ्यांदा वार साधला, पण पोरांना पेंग्विनची पाटी दिसली. पेंग्विनच्या रांगेत दुपार गेली आणि हत्तीपर्यंत जायच्या आत आत्यांचा पाय मुरगळला. तिसऱ्यांदा जुलै महिना, पाऊस, लोकल दादरलाच थांबल्या. आम्ही साबुदाणा वडा खाऊन परतलो.

शेवटी मागच्या फेब्रुवारीत बायकोनं मेहुण्याला द्यायला दहा किलो हळद माझ्या गळ्यात बांधली. सांगलीची हळद डोंबिवलीत मिळते, पण ती आपली नसते. मी एकटा निघालो. बरोबर कुणी नाही. पहाटे कल्याणला उतरताना डबे मोजले नाहीत, माणसं मोजली नाहीत. हळद पोचती केली, चहा घेतला, वार बघितला. गुरुवार. लोकल पकडून थेट भायखळा.

संग्रहालयाची इमारत १८७२ सालची. मूळ नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं. गोव्यात जन्मलेला हा माणूस मुंबईत डॉक्टरकी करता करता जुने शिलालेख वाचत बसे. हे सगळं मी घरी वाचून पाठ केलं होतं, सवयीनं. पण आता सांगायचं कुणाला? मी गप्प राहायचं ठरवलं.

बाहेर हत्ती उभा होता. काळाकभिन्न, निवांत, कुणाचीही वाट न बघणारा. मी त्याच्या भोवती दोन फेऱ्या मारल्या. आत्यांसारखे हात जोडायची इच्छा झाली, इकडेतिकडे बघून जोडलेही. दगड कुठं जुळवला असेल ते शोधत होतो, तेवढ्यात मागून एक म्हातारबाई नातवाला म्हणाल्या, "हा बघ हत्ती. इथं का ठेवलाय कोण जाणे."

ओठ घट्ट मिटले. मनात दहापर्यंत आकडे मोजले. सातला तोंड उघडलं.

"आजी, हा मूळचा इथला नव्हे." बेट, पोर्तुगीज, १८६४, १९१४, सगळं. नातू म्हणाला, "मग काळा घोडा?" मी म्हटलं, "या मागं." मागं गेलो, मग आत गेलो, मग पहिल्या मजल्यावरही गेलो, आणि आजींचा गुडघा धरला तेव्हा मी सवयीनं हात पुढे केला. बाहेर बाकावर आजींनी डब्यातली दशमी माझ्या हातावर ठेवली. "तुम्ही इथलेच का हो?"

"नाही. मिरजेचा."

"अगंबाई! आमची नणंद मिरजेला. किल्ल्याजवळ." त्यांनी सुनेकडे बघितलं, सुनेनं नवऱ्याकडे, आणि नवऱ्यानं माझ्याकडे. त्या साखळीतली शेवटची नजर मी तीस वर्षं ओळखतो.

"आम्ही लातूरचे. रविवारपर्यंत आहोत. उद्या ते बेटावरचं दाखवाल का, तुम्ही आहातच तर?"

दुसरा दिवस शुक्रवार होता. शुक्रवारी घारापुरी उघडी असते.