उचल घेऊन पळायचं कसं?

आमच्या मालकांचा गावी, चिकोडीकडं, ऊस ओढणारा ट्रॅक्टर आहे. एका हंगामात त्यांनी ऊसतोडीची टोळी ठरवली, मुकादमाच्या हातावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठेवली, दसरा झाला, साखर कारखान्याचा बॉयलर पेटला, आणि टोळी आलीच नाही. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मालक अजून ती सांगतात, आणि अलीकडं तिला एक शेपूट जोडतात. "तशीच आमच्या स्टोअरमधली पोरगी. सहा महिने घरात बसून पगार घेतला, बारशाचा कुंदा वाटला, आणि राजीनामा. उचल घेऊन पळाली."

मी बेळगावच्या उद्यमबागेत, मालकांच्या कारखान्यात हेडक्लार्क. तो राजीनामा मीच फायलीला टाचला. टाचताना वाटलं, पोरीनं पळण्याचं काम फारच गबाळेपणानं केलं. असल्या कामाला जाणत्या माणसाचा सल्ला लागतो. तेव्हा ज्या कुणी भगिनी बाळंतपणाची पगारी रजा घेऊन पुढं राजीनामा द्यायच्या बेतात असतील, त्यांनी कागद-पेन घेऊन बसावं. सल्ला फुकट आहे. 2023 च्या जूनपासून आमच्याकडं बायकांना सरकारी बस फुकट झाली, त्याआधी सल्ला तेवढाच फुकट मिळायचा.

सगळ्यात आधी दिवस मोजा. डॉक्टरनं दिलेल्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत तुमचं 80 दिवस काम भरलेलं पाहिजे. ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, असाल तर 70 दिवसांची वर्गणी. तोडकऱ्याला उचल मिळते ती कोयता हातात धरायच्या आधी. तुम्ही आधी राबायचं, मग उचल घ्यायची. म्हणजे या धंद्यात तुम्ही मुळातच कच्च्या. असो.

पुढचा भाग जरा लांबतो. टोळी पळते ती रातोरात. तुमच्या पळण्याला नऊ महिने लागतात. त्यात उलट्या, पाय सुजणं, रक्तवाढीच्या गोळ्या, कन्नडमध्ये छापलेलं तायी कार्ड (गरोदर बाईचं सरकारी कार्ड; ते वाचून सांगायला शेजारची एखादी अक्का आधीच गाठून ठेवा), आणि शेवटी टाके. पोटाला टाके घालून घेऊन पगार लुबाडायचा, ही युक्ती मी तरी दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात ऐकलेली नाही.

रजा 26 आठवडे असते, त्यातले 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ते घेऊ नका, कुणीच घेत नाही, सगळ्याजणी बाळासाठी राखून ठेवतात. आमच्या पोरीनं तारखेच्या नऊ दिवस आधीपर्यंत उद्यमबागेच्या खड्ड्यांतून स्कूटी चालवली, शिडीवर चढून बेअरिंगचे खोके मोजले, स्टॉक जुळवला, आणि कुठला बोल्ट कुठल्या फळीवर आहे याची वही लिहून ठेवून गेली. मालक ती वही पुरावा म्हणून दाखवतात. परत यायचंच होतं तर वही कशाला लिहिली? तेव्हा तुम्ही वही लिहू नका. आपल्यामागं कुणाला काही सापडणार नाही असा घोळ घालून जा, म्हणजे तुमच्या निष्ठेबद्दल शंका राहणार नाही.

ऑफिसातलं डोहाळजेवणही शक्यतो टाळा. मालकीणबाईंनी मोठ्या हौसेनं हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, सगळ्यांनी फोटो काढले. राजीनाम्यानंतर त्या साडीचा हिशोब निघाला. "साडीसुद्धा दिली होती" हे वाक्य मी आजवर चौदा वेळा ऐकलंय. नारळ अजून कुणी काढलेला नाही, पण निघेल.

आता कायदा. तो मुळात 1961 चा. 2017 साली दुरुस्ती झाली आणि 12 आठवड्यांचे 26 झाले. दोन लेकरं असताना तिसऱ्याला 12 च. हल्ली केंद्राचे बहुतेक कामगार कायदे चार संहितांत घातलेत, त्यामुळं कायद्याचं नाव बदललं. पण 26 आठवडे 26 च राहिले. बेळगावच्या माणसाला याचं नवल नाही. आमच्या गावाचंही नाव 2014 साली बदललं, पाट्या नव्या आल्या, आणि आम्ही आहे तिथंच आहोत.

मालकांनी मध्यंतरी धमकी दिली, "असंच चालणार असेल तर युनिट शिनोळीला नेतो." शिनोळी म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. आमच्यापैकी काहींनी उगाच टाळ्या वाजवल्या. आपण नाही गेलो महाराष्ट्रात तर निदान कारखाना तरी जातोय! मग मीच हळूच सांगितलं की साहेब, हा कायदा केंद्राचा आहे. सीमाप्रश्नाचा निकाल काहीही लागो, बाई बाळंत झाली की अलीकडंही 26 आणि पलीकडंही 26. मालक बराच वेळ गप्प होते. बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या महाजन अहवालानंतर त्यांची इतकी निराशा मी पाहिली नव्हती.

पैशाचं मात्र नीट समजून घ्या, कारण उचल उचल म्हणतात ती इथं आहे. पोरीचा पगार सतरा हजार. 21,000 पर्यंतचा पगार ईएसआयमध्ये येतो. दर महिन्याला तिच्या पगारातून 0.75 टक्के कापले जात होते, कंपनी 3.25 टक्के भरत होती, आणि बाळंतपणाचे पैसे महामंडळानं थेट तिच्या खात्यात टाकले. त्या 26 आठवड्यांत मालकांच्या गल्ल्यातून तिच्या पगारापोटी एक रुपया गेला नाही. मी चलनं काढून त्यांच्यासमोर ठेवली. मालकांनी चष्मा लावला, चलनं पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, "पैशाचा प्रश्न नाही हो, विश्वासाचा आहे."

यावरून एक शिकून घ्या. पैशाचा हिशोब जुळला की विश्वासाचा निघतो, आणि विश्वासाची चलनं मिळत नाहीत.

खरा खर्च झाला तो वकिलांवर. मालकांना बाँड हवा होता. रजेनंतर परत येऊन अमुक वर्षं काम करीन, न केल्यास सगळा पगार परत देईन, असं स्टँपपेपरवर. वकिलांनी चहा घेत घेत सांगितलं की परत येण्याची अट कायद्यात कुठंच नाही, आणि कायद्यात दिलेलं काढून घेणारा करार केला तरी तो टिकत नाही. शिवाय रजेवर असताना बाईला काढताही येत नाही. एवढं सांगून त्यांनी फी घेतली. ती मात्र रोख, गल्ल्यातून. वकील घेऊन पळाले असं मालक म्हणत नाहीत.

बाळाचं काय करायचं, हा भाग तसा किरकोळ आहे. 50 माणसं असली की पाळणाघर ठेवावं लागतं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता येतं. आमच्या पटावर 49 माणसं आहेत. गेली कित्येक वर्षं 49 च आहेत. कुणी निवृत्त झालं की 48 होतात, लगेच एक येतो, 49. पन्नासावा माणूस आला की तो ठेकेदाराचा असतो. एवढं काटेकोर कुटुंबनियोजन मी कुठल्या घरात पाहिलेलं नाही.

मग पोरीनं बाळ कुठं ठेवायचं? सासर वडगावात. घरात दोन माग, दिवसभर खडखडाट, आणि माग बंद ठेवला तर चूल बंद. सासूबाई म्हणाल्या, ठेव माझ्याजवळ, पण मी धोट्याकडं बघू की बाळाकडं, तूच सांग. माहेर निपाणीकडं. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. मांडी सुपानं अडलेली, आणि घरात तंबाखूची पूड. टिळकवाडीत एक चांगलं पाळणाघर होतं, ते पगाराचा तिसरा हिस्सा मागत होतं आणि साडेपाचला बंद होत होतं. आमची शिफ्ट सुटते साडेपाचला. हे सगळं तिनं मला ऑफिसच्या पायरीवर उभं राहून सांगितलं, बाळ खांद्यावर टाकून, जणू परवानगी मागत होती. तेव्हा तुम्ही असलं काही सांगू नका. ऐकणाऱ्याला वाईट वाटतं आणि गोष्टीतली मजा जाते. "घरगुती कारण" एवढंच लिहा.

आता कुणी म्हणेल, सगळ्याच काही पळत नाहीत, प्रामाणिक बायकाही असतात. असतात ना. आमच्या अकाउंट्सच्या मॅडम होत्या. पगार 21,000 च्या वर, म्हणजे त्यांचे सहा महिने खरोखर मालकांच्या खिशातून गेले. त्या 26 आठवडे संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर झाल्या. त्यांच्या खुर्चीवर एक मुलगा बसला होता. त्यांना झेरॉक्सजवळचं टेबल मिळालं आणि जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे लावायचं काम मिळालं. "तुम्ही आता जरा आरामात घ्या मॅडम," मालक म्हणाले, अगदी मनापासून. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन सुट्ट्या मिळतात, त्या त्यांनी मागितल्या. दिल्या की! चहाच्या सुट्टीतच घ्या म्हणून सांगितलं. बाळ हिंडलग्याला, आई उद्यमबागेत, चहाची सुट्टी दहा मिनिटांची. विमान असतं तर जमलं असतं.

मॅडमनी चार महिने गठ्ठे लावले. त्या काळात पगारवाढीची यादी निघाली, त्यात त्यांचं नाव नव्हतं, कारण वर्षातले सहा महिने "परफॉर्मन्स दिसला नाही". दिसेल कसा, तो हिंडलग्यात रांगत होता. पाचव्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. यांना पळाली म्हणता येईना, कारण परत आल्या होत्या. मग मालकांनी दुसरा शब्द शोधला, "टिकली नाही."

म्हणजे तुमच्यापुढं दोन वाटा आहेत. परत नाही आलात तर पळालात, आलात तर टिकला नाहीत. मी पळण्याची शिफारस करतो, तिच्यात निदान व्हाउचर नाहीत.

बापाबद्दल कुणी विचारलंच तर सांगतो. पोरीचा नवरा याच कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. केंद्र सरकारी नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात. खाजगीत बापाच्या रजेचा कायदाच नाही. त्यानं दोन दिवस घेतले, एक दवाखान्याचा, एक बारशाचा, दुसरा बिनपगारी. तिसऱ्या दिवशी मशीनवर उभ्याउभ्या डुलक्या घेताना फोरमननं पकडला. "काय करायचं ओ, बाळ रात्रभर झोपंना," म्हणाला. सगळे हसले. त्याला उचल घेऊन पळाला असं कुणी म्हणूच शकत नाही. उचलच नाही तर पळणार काय घेऊन?

शेवटी राजीनाम्याचा दिवस. 1 नोव्हेंबर टाळा. त्या दिवशी अर्धं गाव राज्योत्सवाच्या मिरवणुकीत असतं, अर्धं काळ्या दिवसाच्या सायकल फेरीत, आणि मालक गेटला कुलूप लावून दोन्हींकडं गच्चीवरून बघतात. अर्ज कुठल्या भाषेत लिहायचा, हा आमच्याकडं नाजूक प्रश्न आहे. मराठीत लिहिला तर लेबर ऑफिसात अडतो, कन्नडमध्ये लिहिला तर घरचे विचारतात, तुझ्यावर ही वेळ आली होय? इंग्रजीत लिहा. तो कुणाच्याच मायबोलीत नसल्यामुळं लगेच मंजूर होतो.

बाळाला बरोबर आणा. पोरीनं आणलं होतं. शिपायापासून सगळ्यांनी घेतलं. मालकांनीही घेतलं, त्याच्या मुठीत शंभराची नोट कोंबली, "मामाला विसरू नको" म्हणाले, आणि खरंच त्यांचे डोळे ओले झाले होते. मी समोर होतो. पळाली हा शब्द दुसऱ्या दिवशी, फौंड्रीवाल्या शेजारी मालकांबरोबर चहा घेताना सुचला.

आणि हो, जाताना ड्रॉवर रिकामा करा. ही तिची सगळ्यात मोठी चूक. टेबलाखाली घरात घालायच्या चपला, खुर्चीवर पाठीला लावायची उशी, आणि ड्रॉवरमध्ये आईनं घातलेल्या आंब्याच्या लोणच्याची बरणी, अर्धी भरलेली. रजेवर जाताना सगळं तसंच ठेवून गेली होती. राजीनाम्याच्या दिवशी दोन्ही हातांत बाळ, मग राहूनच गेलं. मी बरणी मालकांना दाखवली. पळायचं ठरवलेलं माणूस लोणचं ठेवून जात नाही, असं मला सुचवायचं होतं. मालक म्हणाले, "बघितलं? किती बेफिकीर."

आता स्टोअरला मुलगा घेतलाय, म्हणजे घेतला होता. मुलाखतीत मालकांनी त्याला लग्नाचं काही विचारलं नाही, मुलाला कशाला विचारायचं. जॉइन झाल्यावर कंपनीच्या खर्चानं पंधरा दिवस सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग दिलं. पोरीच्या वहीवरून त्यानं बोल्ट शोधले, डब्याबरोबर रोज तिचं लोणचं खाल्लं. दिवाळीला बोनस झाला, कमीत कमी 8.33 टक्के तर द्यावाच लागतो, आणि पाडव्यानंतरच्या सोमवारी तो आलाच नाही. पुण्याला चाकणला लागला म्हणून फोन आला. मालकांनी स्पीकरवर टाकून सगळ्यांना ऐकवला, अभिनंदन केलं, आणि फोन ठेवून म्हणाले, "पोरगं हुशार होतं. पुढं जाणार."

बरणी मी धुऊन खिडकीत उपडी घातलीय. कुणी वडगावकडं जाणार असेल तर घेऊन जावी.